पुलाचं जुळं

विश्राम मांडवकर सरांच्या वर्गात प्रयोग कधी फसला नाही, अशी तालुकाभर ख्याती होती. इतर शाळांतल्या मुलांचा लंबक गुरुत्वाकर्षण कधी नऊ दाखवायचा, कधी साडेदहा. सरांच्या मुलांचा लंबक मात्र भलताच आज्ञाधारक, नऊ पूर्णांक आठाच्या पलीकडे पाऊल टाकायचा नाही. गुपित सोपं होतं. सर उत्तर आधी फळ्यावर लिहून द्यायचे आणि म्हणायचे, "हां, आता रीडिंग जुळवा." उत्तरावरून उलटी आकडेमोड करायची, दशांश चिन्हानंतर थोडी खाडाखोड करायची, म्हणजे खरं वाटतं. प्रयोगवही सुबक, गुण पैकीच्या पैकी, परीक्षक चहा पिऊन खूश. सरांनाही त्यांच्या सरांनी असंच शिकवलं होतं. सगळेच जे करतात त्याला लबाडी कोण म्हणणार?

मग अभ्यासक्रम बदलला. नववी-दहावीच्या भौतिकशास्त्रातून घोकंपट्टी गेली आणि प्रोग्रॅमिंग आलं. चेंडू फेकला तर तो कुठे पडेल हे सूत्रात आकडे कोंबून सांगायचं नाही. सेकंदाचे बारीक बारीक तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्यात चेंडूला कोण किती ओढतंय ते बघायचं, त्याला तेवढंच सरकवायचं आणि पुढच्या तुकड्याकडे वळायचं. संगणक हे काम न कंटाळता लाखो वेळा करतो आणि पडद्यावर चेंडू अगदी खऱ्यासारखा उडतो. याला सिम्युलेशन म्हणायचं. सर पन्नाशी ओलांडलेले, पण मुलांच्या आधी स्वतः शिकले. त्याबद्दल त्यांना नाव ठेवायला जागा नव्हती.

योजना एवढ्यावरच थांबली नाही. राज्यातल्या प्रत्येक हायस्कुलाने गावातली एक खरी वस्तू दत्तक घ्यायची ठरली. कुणी पाण्याची टाकी घेतली, कुणी डोंगराचा उतार. वाघसरच्या शाळेने नदीवरचा झुलता पूल घेतला. पुलाच्या फळ्यांखाली हेलकावे मोजणारे सेन्सर बसले. मुलांनी संगणकात त्या पुलाचं सिम्युलेशन लिहिलं: दोर, फळ्या, वजन, ताठपणा, हेलकावा किती वेळात विरतो, सगळं. त्याला गावात सगळे 'जुळं' म्हणू लागले. खऱ्या पुलावरून माणसं गेली की तीच माणसं जुळ्यावरूनही जायची, आणि दोघांचे हेलकावे रात्रंदिवस ताडून बघितले जायचे. पुलाच्या तोंडाशी एक दिवा लावला होता. दोघं सारखे हलताहेत तोवर हिरवा, फारकत झाली की लाल. लाल दिवा लागला तर पुलावर पाऊल टाकायचं नाही, आणि बांधकाम खात्याला आपोआप खबर जायची.

उद्घाटनाला दिवा हिरवा झाला तेव्हा गावाने टाळ्या वाजवल्या. पलीकडच्या पैलवाडीतल्या बायकांनी दिव्याला हळदकुंकू लावलं. जुळ्याची देखभाल सरांनी शलाका जोगळे या मुलीकडे दिली. ती पैलवाडीचीच, शाळेला याच पुलावरून यायची. फार बोलायची नाही, पण बोलली की नेमकं अडचणीचं बोलायची.

दिवाळीची सुट्टी संपली तशी ती भर वर्गात उभी राहिली.

"सर, पूल सुस्त झालाय."

"म्हणजे?"

"पहिल्यापेक्षा सावकाश हलतोय. थोडासाच, पण रोज. जुळ्याशी फरक पडायला लागलाय."

"मग तुझं जुळं चुकलंय."

"जुळं तेच आहे सर. उद्घाटनाला जुळत होतं." ती जरा थांबली. "पूल बदलला असेल तर?"

सर हसले. त्या हसण्याची त्यांना पुढे जन्मभर लाज वाटायची होती, पण तेव्हा ते मोकळेपणाने हसले. "सिमेंटचे ठोकळे आणि लोखंडाचे दोर! पुलाचं काय लग्न झालं की काय? सासरी जाऊन सुस्तावला?" वर्ग खिदळला. शलाका लाल झाली आणि खाली बसली.

त्याच आठवड्यात राज्यातल्या उत्तम जुळ्यांची क्रमवारी लागणार होती. पूल आणि जुळं यांत फरक जितका कमी तितकी शाळा वर. तास संपल्यावर सर शलाकाच्या संगणकाशी बसले, त्यांनी जुळ्याचा ताठपणा किंचित कमी केला. पडद्यावरच्या दोन नागमोडी रेषा एकमेकींवर अलगद येऊन बसल्या.

"हे बघ. फरक शून्य. याला म्हणतात जुळवणं."

शलाका त्या रेषांकडे बघत राहिली. "पण सर, दर वेळी आपणच जुळवलं तर दिवा कधी लालच होणार नाही."

"नाही झाला तर चांगलंच की," सर म्हणाले.

त्यात काय चुकलं हे एखाद्या लहान मुलालाही कळावं, आणि सर काही लहान नव्हते. खरं तर जुळ्याचं सगळं मोल त्याच्या हट्टीपणात होतं. त्याने पहिल्या दिवसाचा धडधाकट पूल लक्षात ठेवायचा आणि खरा पूल आजारी पडला की बोंब मारायची. जुळ्यालाच पुलाबरोबर थोडं थोडं आजारी पाडत गेलं, तर दोघं शेवटपर्यंत सारखेच दिसणार. पण रीडिंग जुळवायची सवय सरांच्या हाडात मुरली होती. फरक दिसला की तो मिटवायचा. फरक काही सांगत असेल हे त्यांच्या मनातच आलं नाही.

पुढे दर आठवड्याला शलाका ताठपणा जरासा उतरवायची. तिचा हात सफाईदार झाला. वाघसरची शाळा जिल्ह्यात पहिली आली, सरांना शाल-श्रीफळ मिळालं, पेपरात फोटो आला. शलाका मात्र शाळेला उशिरा येऊ लागली. दम लागलेला, पायांना चिखल. सरांनी एकदा समजावलं, दुसऱ्यांदा दटावलं, मग वर्गाबाहेर उभं करायला सुरुवात केली. "जिल्ह्यात पहिले आलो म्हणून डोक्यात हवा जायला नको," असं ते इतर शिक्षकांना सांगायचे. ती निमूट बाहेर उभी राहायची आणि खिडकीतून फळ्यावरचं उतरवून घ्यायची.

शिमगा आला. वाघसरच्या देवीची पालखी शिमग्यात घरोघरी फिरते, आणि पैलवाडीत जाताना झुलत्या पुलावरून नाचत जाते. पालखी नाचवणारे गडी खांद्यावरची पालखी ढोलाच्या ठेक्यावर उसळवतात आणि मागे अख्खं गाव त्याच ठेक्यावर पावलं टाकतं. पूल हलतो, पोरं किंचाळतात. तीच तर गंमत. यंदा शिक्षण खात्याच्या सबनीस मॅडम मुद्दाम पालखी बघायला येणार होत्या. सरांना वाटलं, पालखी खऱ्या पुलावरून जाण्याआधी जुळ्यावरून नाचत जाताना मॅडमना मोठ्या पडद्यावर दाखवावी. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं.

दुपारी देवळासमोर ढोल वाजत होते. सरांनी ठेका फोनवर टिपून घेतला, शाळेत येऊन जुळ्याला दिला, पुलावर माणसांचं वजन चढवलं आणि मॅडमना दाखवण्याआधी एकदा स्वतः बघावं म्हणून बटण दाबलं.

पडद्यावरचा पूल आधी हळू झुलला, मग जोरात. मग फळ्या एका अंगावर कलल्या, रेषा पडद्याच्या बाहेर गेली आणि प्रोग्राम थांबला. सर हसले. प्रोग्राममध्ये काहीतरी गफलत असणार. त्यांनी पुन्हा चालवला, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्यांना घाम फुटला. मग त्यांनी उद्घाटनाच्या दिवशीचा ताठपणा परत घातला आणि तोच ठेका दिला. पूल मजेत डुलला आणि शांत झाला.

प्रत्येक झुलत्या वस्तूला तिचा स्वतःचा एक ठेका असतो. झोपाळ्यावरच्या मुलाला त्याच ठेक्याने ढकललं तर दोन बोटांनीही झोका आभाळाला लावता येतो. वेडंवाकडं ढकललं तर दमून जाल, झोका जागचा हलणार नाही. पुलाचा मूळचा ठेका ढोलापेक्षा जलद होता, म्हणून इतकी वर्षं पालखी सुखरूप गेली. दोर सैलावेल तसा पूल सुस्त होतो, त्याचा ठेका उतरत जातो. आठवड्यामागून आठवडे तो उतरत होता, आणि आज बरोबर ढोलाच्या ठेक्यावर येऊन थांबला होता. शलाका दिवाळीनंतर हेच सांगत होती. तिने सांगितलं, सरांनी ते हसण्यावारी नेलं आणि तिच्याच हातून ते झाकून टाकलं.

आता काय करायचं ते सरळ होतं. सरांनी जुळ्यात उद्घाटनाचाच ताठपणा कायम केला आणि ते नदीकडे धावत सुटले.

ते पोहोचले तेव्हा पालखी पुलाच्या तोंडाशी आली होती आणि दिवा लाल झाला होता. ढोल थांबले होते. पालखीच्या पुढच्या दांड्याखाली शलाकाचे वडील, महादेव जोगळे, गुलालाने माखलेले, कपाळावर आठ्या घेऊन उभे होते. सगळ्यात पुढे देवस्थानचे मानकरी रघुनाथ घाणेकर दिव्याकडे हात करून ओरडत होते.

"ओ सर! ह्यो दिवा लाल कसा झाला? आत्तापातुर हिरवा व्हता! पालखी अडली हाय हितं, कळतंय काय? पोरांनी काय चाळं केलान?"

सगळा गाव सरांकडे बघत होता. सबनीस मॅडमही होत्या, नव्या कोऱ्या साडीवर गुलाल पडू नये म्हणून पदर सावरत. आणि गर्दीच्या कडेला, आपल्या धाकट्या भावाचा हात धरून शलाका उभी होती.

सरांनी तोंड उघडलं. माझी चूक झाली, एवढे तीन शब्द त्यांच्या ओठांवर होते. पण जिल्ह्यातल्या पहिल्या शाळेच्या, शाल-श्रीफळवाल्या मांडवकर सरांच्या तोंडून भलतंच बाहेर पडलं.

"पूल धोक्याचा आहे. पालखी नेऊ नका. आकडे... आकडे जुळ्याचे चुकीचे भरले गेले होते. शलाकाकडे होतं ते काम. मुलीच्या हातून चूक झाली."

महादेव जोगळ्यांनी मान वळवून लेकीकडे पाहिलं. शलाकाने सरांकडे पाहिलं. ती आता बोलेल, म्हणेल की सरांनीच शिकवलं, असं सरांना वाटलं, आणि खरं सांगायचं तर त्यांना तेच हवं होतं. पण तिने भावाचा हात घट्ट धरला आणि मान खाली घातली.

पालखी मागे फिरली. देवीची पालखी पुलाच्या तोंडातून माघारी फिरणं म्हणजे साधी गोष्ट नव्हे; बाया पुटपुटू लागल्या, कुणीतरी जोगळ्यांच्या नावाने बोटं मोडली. खालच्या बंधाऱ्यावरून लांबचा वळसा घेऊन पालखी पैलवाडीला गेली, आणि तिथे नाचली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बांधकाम खात्याची माणसं आली. पैलतीरावर ज्या काँक्रीटच्या ठोकळ्यात दोर अडकवले होते, तो ठोकळाच मातीसकट पुढे सरकला होता. "काल पालखी गेली असती, तर आज आम्ही वेगळ्या कामाला आलो असतो," त्यांच्यातला मोठा इंजिनिअर म्हणाला. गावाने मांडवकर सरांच्या गळ्यात हार घातला. सबनीस मॅडमनी हात जोडले. सरांना त्या हाराचा वास सहन होईना. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं माणसं का म्हणतात ते त्यांना त्या दिवशी कळलं.

हार काढून खिशात कोंबून ते बंधाऱ्यावरून पैलवाडीत गेले. वाट लांब होती, ओल्या दगडांवरून पाय सटकत होते, आणि पोहोचेतो त्यांची पँट पोटरीपर्यंत चिखलाने भरली.

शलाका अंगणात काजू वाळत घालत होती. सरांना बघून ती उठली. आत आई होती; ती बाहेर आली नाही.

"शलाका, काल मी जे बोललो ते..."

"बरोबरच होतं सर."

"काय बरोबर? आकडे जुळवायला मी शिकवलं तुला!"

"पण मला माहीत होतं ना." तिने काजूंवर हात फिरवला. "तुम्हाला नव्हतं माहीत. तुम्हाला खरंच वाटत होतं की पुलाला काही झालं नाही. मला माहीत होतं, आणि तरी मी दर आठवड्याला ताठपणा कमी करत होते. दिवाळीनंतर मी एकदाही पुलावरून गेले नाही सर. रोज बंधाऱ्यावरून येते. भावालाही घेऊन."

सरांनी आपल्या चिखलाने भरलेल्या पँटकडे पाहिलं. ज्या मुलीला ते उशिरा आली म्हणून वर्गाबाहेर उभं करत होते, ती रोज याच वाटेने येत होती.

"मग कुणाला सांगितलं का नाहीस?"

"परवा बाबांना सांगितलं. म्हटलं, पालखी पुलावरून नेऊ नका. ते म्हणाले, दिवा तर तूच हिरवा ठेवलायस." तिचा आवाज पहिल्यांदाच कापला. "सगळं गाव त्या पुलावरून जात होतं सर. आणि मी एकटी बाजूने जात होते. मला लाज वाटायची, पण सांगायची त्याहून जास्त वाटायची. परत सगळे हसले असते."

ती रागावली असती, ओरडली असती, तर सरांना बरं वाटलं असतं. त्यांनी तिला आकडे जुळवायला शिकवलं होतं हे त्यांना ठाऊक होतं. गप्प राहायलाही आपणच शिकवलं, हे त्यांना आता कळलं. इतकी वर्षं त्यांनी वर्गात जे काही शिकवलं होतं त्यात हे सगळ्यात नीट उतरलं होतं.

"बाबा कुठे आहेत?"

"देवळात. गाऱ्हाणं घालायला गेलेत. माझ्यासाठी."

वाघसरमध्ये कुणाच्या हातून देवीचा अपराध झाला, तर घरातल्या कर्त्या माणसाने देवळात नारळ ठेवायचा, गुरवाने गावासमोर नाव घेऊन गाऱ्हाणं घालायचं: चुकलं असेल तर पदरात घे, लेकराला सांभाळ. एकदा गाऱ्हाण्यात नाव आलं की ते गावाच्या तोंडी बसतं. पुढे त्या मुलीच्या लग्नातसुद्धा कुणीतरी हळूच म्हणतं, हीच ती.

सर आल्या वाटेने उलटे पळाले. देवळात पोहोचले तेव्हा गावकरी बसले होते, महादेव जोगळे देवीसमोर हात जोडून उभे होते आणि गुरव नारळ उचलून सुरुवात करत होता, "होय महाराजा, आज जोगळ्यांची लेक शलाका..."

"थांबा!" सर म्हणाले. "तिचं नाव नका घेऊ."

आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. दिवाळीनंतर ती काय म्हणाली, आपण कसे हसलो, ताठपणा कुणी कमी केला, क्रमवारीसाठी केला, काल सगळ्यांदेखत तिच्यावर का ढकललं.

मग रघुनाथ घाणेकरांनी घसा खाकरला.

"जाऊं द्या ओ सर. पूल पडला नाय, मानूस गेला नाय. तुमी व्हतात म्हनून वाचलो. पोराटोरांच्या भानगडीत तुमी कशाला नाव खराब करून घेताव?"

दोनचार माना हलल्या. गाव माफ करायला तयार होता. अगदी खुशीने तयार होता. सरांना वाटलं, चला, सुटलो. आणि तसं वाटल्याचीही त्यांना लगेच शरम वाटली.

महादेव जोगळे मात्र वळले. त्यांच्या कानामागे कालचा गुलाल अजून होता.

"काल का नाय बोल्लाव, सर?"

"काय?"

"आज बोल्लाव ना, तां काल. माझी पोर थयंच उभी व्हती. तुमच्या म्होरं. सगल्या गावानं तिच्याकडं बघितलान. मीपन बघितलं. मी घरी जाऊन तिला मारलां, सर." ते थांबले. "कालच का नाय बोल्लाव?"

सर खालच्या आवाजात म्हणाले, "लाज वाटली, महादेवराव."

"आनि माझ्या पोरीला नसंल वाटली?"

गुरव नारळ हातात घेऊन दोघांकडे आळीपाळीने बघत होता. शेवटी त्याने तो सरांच्या पुढे धरला आणि विचारलं, "मग नाव कुणाचं घेऊ?" सरांनी आपलं नाव सांगितलं, पण नारळ घ्यायला त्यांचे हात उठेनात.